ओढीचे दिवस आणि मनाचा ओलावा



या पानावर एरवी बेणेमळा, खतांचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा असे विषय येतात. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे, परंतु उसाशी त्याचा संबंध नाही असे कृपया समजू नये. घरात, बांधावर आणि फडात आपण एकमेकांशी कसे वागतो आणि त्यातून आपल्या जिवाला सुख लागते की नाही, हा तो विषय. हे काम कीर्तनकाराचे, ऊस विकास अधिकाऱ्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. गटात फिरताना माझ्या कानावर खतापेक्षा भांडणेच जास्त येतात. हुमणीने वाळलेला ऊस जसा मी पाहिला आहे, तसा दोन भावांच्या हट्टापायी पाण्यावाचून वाळलेलाही पाहिला आहे.

इतकी वर्षे गावोगाव फिरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. पिकाला जसा हंगाम असतो तसा भांडणालाही असतो. गणपती उठले की कुरबुरी सुरू होतात आणि आपल्या फडाला तोड येईपर्यंत त्या वाढत जातात. बांध कोरला, पाट फोडला, बोअरची केबल तोडली, पोराने उलट उत्तर दिले, सुनेने भाकरी करपवली, सगळे याच दिवसांत. त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुलैमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडीला यायला १६ ते १८ महिने घेतो. तेवढा काळ पैसा नुसता जात असतो. सोसायटीचे कर्ज उचलून खर्ची पडलेले, खतवाल्याची उधारी थकलेली, मुलांची फी तोंडावर, दिवाळी आलेली. दुधावर आठवड्याचा बाजार भागतो एवढेच. शेतात टनांनी ऊस उभा आणि खिशात एस.टी.च्या तिकिटाला चिल्लर नाही, ही अवस्था आपणांपैकी पुष्कळांच्या ओळखीची आहे. पुढे ऊस जातो, बिल बँकेत जमा होते, आणि काल ज्याने कुऱ्हाड उगारली होती तोच माणूस आज हाक मारून चहा पाजतो.

आपण यावर हसतो आणि सोडून देतो. माझ्या मते ही सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. माणूस तोच, बांध तोच, फक्त खिसा बदलला, मग स्वभाव कुठला खरा धरायचा?

या प्रश्नावर ऊस उत्पादकांच्याच बाबतीत एक शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. तमिळनाडूमध्ये ५४ गावांतील ४६४ ऊस शेतकऱ्यांची पाहणी करण्यात आली आणि तिचा निष्कर्ष २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ या चौघांनी तो लेख लिहिला. त्यांनी केले ते असे. एकाच शेतकऱ्याला ऊस जाण्यापूर्वी, हात तंग असताना, बुद्धीची काही कोडी घातली. आकृत्यांमधला क्रम ओळखणे, आकड्यांवर लक्ष ठेवून पटकन अचूक उत्तर देणे, अशी ती कोडी होती. ऊस जाऊन पैसे हातात आल्यावर त्याच शेतकऱ्याला पुन्हा तशीच कोडी घातली. ऊस गेल्यावर तोच माणूस स्पष्टपणे सरस ठरला. कोणी शंका घेईल की हा ऋतूचा किंवा सणावारांचा परिणाम असेल. परंतु तिकडेही आपल्यासारखाच कारखान्याचा तोडणी कार्यक्रम असतो, कोणाचा ऊस आधी जातो, कोणाचा काही महिन्यांनी. त्यामुळे एकाच महिन्यात काहींचे पैसे आलेले आणि काहींचे यायचे राहिलेले होते, आणि फरक महिन्याचा नसून पैशाच्या ओढीचा आहे हे त्यांना दाखवता आले.

म्हणजे काय, तर ओढीच्या दिवसांत माणूस मूर्ख होत नाही. त्याच्या डोक्याचा मोठा भाग ‘आता कुठून आणू’ या एकाच हिशेबात अडकून पडतो, आणि बाकीच्या गोष्टींना उरतो तो थोडकाच. त्या अभ्यासात प्रेमळपणा मोजलेला नव्हता हे मी स्पष्ट सांगतो. पुढचा विचार माझा आहे. ज्याला साध्या आकृतीचा क्रम दिसेनासा होतो, त्याला बायकोचे दुखरे डोके दिसेल का? शेजाऱ्याच्या सरीत अजून पाणी पोचले नाही हे त्याच्या लक्षात येईल का?

दुसरा एक अभ्यास जुना आहे, १९७३ सालचा, अमेरिकेतील प्रिन्स्टन येथला. डार्ली आणि बॅटसन या दोघांनी धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. निम्म्यांना विषय दिला होता तो बायबलमधल्या गोष्टीचा, जिच्यात एक परका वाटसरू रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला मदत करतो. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. कोण थांबते ते पाहायचे होते. ज्यांना सवडीने जा म्हणून सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा ६३ थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ म्हणून सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा १० थांबले. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. मदतीवर भाषण द्यायला निघालेलेही काहीजण त्या माणसाला चक्क ओलांडून गेले!

आपल्याकडे ओढ आणि घाई या दोन्ही गोष्टी नेमक्या एकाच वेळी येतात, तोड आली की. म्हणून ‘प्रेमाने वागा’ असे नुसते सांगून काही होत नाही असे माझे मत आहे. त्या वेळी कोणाला ते ऐकूच येत नाही. जे काही करायचे ते हातात चार पैसे आणि डोक्याला सवड असताना ठरवून ठेवले पाहिजे. भर उन्हाळ्यात पाणी कमी पडणार म्हणून आपण पाचट आधीच आच्छादतो, मे महिना उजाडायची वाट पाहत बसत नाही. तसेच हे आहे.

सुरुवात घरापासून करू. पुष्कळ घरांत कर्जाचा आकडा एकट्या कारभाऱ्याच्या डोक्यात असतो. बायकोला वाटते हा विनाकारण खेकसतो, मुलांना वाटते बापाला आपण नकोसे झालो. एका सभासदांच्या घरी मी भिंतीवर एक कागद चिकटवलेला पाहिला. लागणीची तारीख, अंदाजे टन, सोसायटीचे येणे, दुकानदाराचे येणे, तोडीचा अंदाजे महिना, सगळे मुलीच्या अक्षरात. मी विचारले, तर त्यांच्या कारभारीणबाई म्हणाल्या, “सायेब, आधी ह्यांचं डोस्कं फिरलं की आमास्नी कळायचं न्हाई का फिरलं. आता कागदाकडं बघून आमीच गप बसतो, आन् चा करून देतो.” कागदाने कर्ज एक पैसाही कमी झाले नव्हते. तरी त्या घरात बसल्यावर बरे वाटले. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे, हेही त्या कागदावर लिहून ठेवावे. त्यापुढे उशीर झाला तर चौकशी आमच्याकडे करावी. तो राग घरी काढू नये.

आता बांधावर येऊ. पाण्याच्या पाळीचे भांडण एप्रिल-मे महिन्यांत होते, पण त्याचे बी दिवाळीच्या आसपासच पडलेले असते, जेव्हा पाणी भरपूर असते आणि ‘बघू की मग’ म्हणून पाळी कोणी लिहून ठेवत नाही. सामाईक विहीर असो की पाणीपुरवठा संस्थेची लाईन, कोणाचे किती तास, वीज गेली तर ते तास कोणाच्या खाती, मोटर जळाली तर वर्गणी किती, हे विहीर भरलेली असतानाच वहीत लिहावे आणि सर्वांनी सह्या कराव्यात. आपला भाऊच आहे, त्याच्यापाशी काय लिहायचे, असे म्हणू नये. भावाशी भांडायचे नसेल तर आधी लिहावे.

आमच्या गटात दोन चुलत घरे आहेत. दोघांमध्ये बांधावरून बोलाचाली बंद होती, विहीर मात्र एकच. पाळी लिहिलेली असल्याने पाणी कधी अडले नाही. एका थंडीत थोरल्या घरच्या पोराची रात्रीची पाळी पहाटे तीनला संपली. पुढची पाळी चुलत्याची. चुलता वयस्कर, गुडघ्याने अधू. पोराने मोटर बंद करून घरी जायचे ते गेले नाही. दारे मोडून पाणी चुलत्याच्या सरीत लावले आणि उजाडेपर्यंत तिथेच बसले. त्याला कोणी सांगितले नव्हते. चुलता कंदील घेऊन आला तर निम्मे रान भिजलेले. दोघे काही बोलले नाहीत म्हणतात. पण त्या वर्षी बेसल डोसाची पोती दोन्ही घरांची एकाच ट्रॉलीतून आली, ती मी पाहिली.

पोराला त्या रात्री काय मिळाले असे विचारले तर काहीच नाही. तरी ते पोर ती गोष्ट अजून हसत सांगते. कॅनडातील व्हँकुव्हर येथे एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ४६ जणांना सकाळी पाकिटातून ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांना सांगितले, संध्याकाळी पाचच्या आत स्वतःवर खर्च करा. निम्म्यांना सांगितले, दुसऱ्या कोणासाठी खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त समाधानी निघाले. रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नाही. गंमत म्हणजे, हा प्रयोग ऐकवून ‘कोण जास्त सुखी होईल’ असे इतरांना विचारले तेव्हा बहुतेकांनी उलटे उत्तर दिले, २० डॉलर स्वतःवर खर्च करणारा सुखी होईल म्हणून. सुख कशात आहे याचा अंदाज माणसाचा चुकतो, एवढे यावरून दिसते.

मात्र देणे मनाने असले पाहिजे. यावरून मला एका कटू विषयाकडे वळावे लागते. आपल्याकडे तोडणी संपल्यावर टोळीला ‘खुशाली’ देण्याची रीत होती. कोणी कोंबडे देई, कोणी धोतर-लुगडे, कोणी गुळाची ढेप. शब्दच सांगतो, ते खुशीने द्यायचे. आता काही ठिकाणी ‘एंट्री’ आणि ‘खुशाली’ या नावाने दर खेपेला ठरावीक पैसे मागितले जातात आणि ऊस वाळेल या भीतीने शेतकरी ते देतो. ही लुबाडणूक आहे. अशी मागणी झाली तर गट ऑफिसकडे लेखी तक्रार करावी, कोणाला भिण्याचे कारण नाही. पण या रागात पाण्याची घागरसुद्धा आवरून ठेवू नका. पैसे मागणारा बहुधा वेगळा असतो आणि उन्हात मोळी बांधणारी बाई वेगळी असते.

त्या बाईविषयी चार शब्द लिहिणे माझे कर्तव्य समजतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगावचा पट्टा, इथून ही माणसे दिवाळीनंतर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस बुडाला की ‘खाडा’ धरतात आणि पैसे कापतात, मग आजारपण असो की बाईची अडचण असो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. या बायका पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात, तान्हे मूल बांधावर साडीच्या झोळीत ठेवतात, दिवसभर तोडतात आणि रात्री गाडी भरतात. आपल्या साखरेच्या प्रत्येक पोत्यात त्यांचा हात आहे. आपली ओढ वर्षातून चार-सहा महिन्यांची. यांची बारमाही. तमिळनाडूच्या त्या अभ्यासाचा विचार केला म्हणजे, फडात टोळीची माणसे उद्धट का बोलतात याचे अर्धे उत्तर मिळते.

यात सभासदाने काय करावे? उचल आणि खाडा हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या हातातला नाही. पण टोळी आपल्या फडात असते ते दोन-चार दिवस पूर्णपणे आपल्या हातातले असतात. मोटरीचे स्वच्छ पाणी भरून पिंप बांधाला ठेवावे. झोळी बांधायला सावलीचे झाड असेल तर तिथली मोळ्यांची वाट दुसरीकडून काढावी. घराजवळ फड असेल तर बायांना शौचालय वापरू द्यावे, ही गोष्ट फार मोठी आहे आणि खर्च शून्य आहे. वाढ्यांवरून हुज्जत घालू नये. त्यांच्या बैलांची वैरण तीच, आपल्या जनावरांपुरते चार भारे आधीच ठरवून मागावेत. बुडख्यातून तोड हवी, तर पहिल्या दिवशी स्वतः कोयता घेऊन एक सरी तोडून दाखवावी. लांबून शिव्या देऊन बुडखा खाली येत नाही. जमिनीलगत तोडीत आपलेच वजन वाढते आणि खोडव्याची फूट चांगली होते हे सर्वांना माहीत आहे, पण ते ज्याच्याकडून करून घ्यायचे त्याच्याशी आपण कसे बोलतो हे सहसा कोणी पाहत नाही.

कोणी म्हणेल, साहेब, एवढे कोण करतो? करतात. जुन्या माणसांना विचारा. लोखंडी नांगर ओढायला सहा-आठ बैल लागत आणि एकाच्या दावणीला दोनच असत. म्हणून सावड करत, कुठे तिला पैरा म्हणत, कुठे वारंगुळा. इर्जिकीला गाव लोटायचा, ज्याचे रान त्याने जेवण घालायचे. ती माणसे आपल्यापेक्षा थोर होती असे मला वाटत नाही. बांध तेव्हाही कोरले जात होते. पण सावडीची पाळी ठरलेली असे, त्यामुळे मनात असो-नसो, दुसऱ्याच्या रानात जावे लागे, आणि जाता जाता मन लागे. ट्रॅक्टर आला तशी ती सवय मोडली. प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या मुळाशीही हीच सावड होती असे मी समजतो. एकट्याला जमणार नाही ते शेअर गोळा करून सगळ्यांनी करायचे. आपण सभासद आहोत ते त्याच नात्याने. वार्षिक सभेत एकमेकांच्या अंगावर धावून जाताना हे नाते आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्यांचा अबोला आधीच धरलेला आहे त्यांच्यासाठी एक सूचना. आपण नांग्या भरतो त्या लागणीनंतर महिना-दीड महिन्याच्या आत भरतो, कारण उशिरा लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत सापडते आणि त्याचा ऊस होत नाही. अबोल्याचेही तसेच आहे. पहिल्या पंधरवड्यात एक हाक पुरते. पाच वर्षांनी पंच बसवावे लागतात आणि तरी सरळ होईल याची खात्री नसते. आधी कोणी बोलायचे, हा प्रश्न नेहमी येतो. माझा अनुभव असा की ज्याचा ऊस आधी गेला त्याने आधी बोलावे. त्याच्या मनाला तेव्हा सवड असते.

आमच्या गटातल्या एका बाई शेअरहोल्डर आहेत, अडीच एकर क्षेत्र, सगळे स्वतः पाहतात. तोडीची चिठ्ठी आली की त्या चिटबॉयला पहिला प्रश्न विचारतात, टोळीत पोरे किती. आकडा कळला की तेवढ्या वाट्या आदल्या रात्रीच घासून ठेवतात. गेल्या हंगामात सात होती. सकाळी फडावर गेलो तेव्हा सातही पोरे बांधावर रांगेने बसून गूळ-शेंगदाणे खात होती आणि तोड निम्म्या वावरावर आली होती.